मळेवाल्या काकांची पत्रं

४ जानेवारी

डॉक्टरीणबाई यांस,

पत्र कामाचं आहे, म्हणून खुशालीबिशाली लिहीत नाही. फोन तू तीन वर्षांत उचललेला नाहीस आणि आता मीही करत नाही. पत्र मात्र उघडशील. पाकिटावर मी मुद्दाम मोठ्या अक्षरात 'पिल्लं आजारी' असं लिहिलं आहे. माझं अक्षर बघून तू पाकीट फेकायला जाशील आणि ते दोन शब्द दिसले की थांबशील, एवढं मी तुला ओळखतो.

काल सकाळी दुकान उघडायला गेलो तर शटरपाशी पुठ्ठ्याचं खोकं. मला वाटलं, कुणी बाइंडिंगला जुन्या वह्या ठेवून गेलं. उचललं तर आतून चूंचूं. चार पिल्लं. डोळे नुकते किलकिले झालेले, अंगाला थंडीने काटा. आईचा पत्ता नाही. कोण ठेवून गेलं, देव जाणे.

आत आणून कटिंग मशीनच्या मागे ठेवली. तिथे मोटरची ऊब असते. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी गाईचं दूध पाठवलं, ते वाटीतून पाजलं, तर दोघांना जुलाब सुरू झाले. बाई म्हणाल्या, "तुमची लेक एवढी जनावरांची डॉक्टर, आणि तुम्ही मला काय विचारता? मी भूगोल शिकवायचे."

म्हणून विचारतो आहे. काय पाजायचं, किती वेळा, आणि ती वाचतील का? तुझ्या निवाऱ्यावर अशी रोज येत असतील. एका कागदावर लिहून पाठव. बाकी काही लिहायची गरज नाही.

माझ्या पत्रांवर विश्वास ठेवायचं तुला काही कारण नाही, हे ठाऊक आहे. पण पिल्लं खरी आहेत. खोटं वाटत असेल तर मास्तरीणबाईंना फोन कर.

तुझा बाप

१९ जानेवारी

डॉक्टरीणबाई,

तुझा कागद पोचला. पत्र म्हणत नाही. वर मायना नाही, खाली सही नाही, मध्ये नऊ सूचना. कागद चांगला जाड वापरता तुम्ही लोक. असो.

सगळं तसंच्या तसं केलं. पिल्लांच्या दुधाची पावडर आणली, कोमट करून ड्रॉपरने, पोटावर धरून. उताणं धरून पाजलं तर दूध फुफ्फुसात जातं, हे मला माहीत नव्हतं. तू झालीस तेव्हा तुझ्या आईने मला बाटलीला हात लावू दिला नव्हता, ते बरंच झालं म्हणायचं. ओल्या कापसाने पुसल्याशिवाय ती शू करत नाहीत, हेही नवीनच. या वयात मी दिवसातून आठ वेळा तीन जणांची पुसापुशी करतो आहे. गिऱ्हाईक आलं की म्हणतो, थांबा, आत जरा महत्त्वाचं काम चाललंय.

चारातलं एक गेलं. तुझा कागद यायच्या आदल्या दिवशी. सगळ्यात बारकं होतं. हे मी लपवू शकलो असतो, पण लिहायचं ठरवलं.

आता दुसरी गोष्ट. पिल्लांच्या अंगावर जरा मांस धरलं, तसं लोकांचं लक्ष त्यांच्या शेपट्यांकडे जायला लागलं. तिघांच्याही शेपटीचं टोक डावीकडे मुडपलेलं आहे, छत्रीच्या मुठीसारखं. आपल्या कुत्र्याची, खाकीची, शेपटी तुला आठवत असेलच. माझ्या जुन्या दोस्ताने, ड्रायव्हरने, दुकानात पाय ठेवला, खोक्यात डोकावला आणि खाली बसून हसायला लागला. "अभिनंदन, आजोबा!" आता सगळी गल्ली मला आजोबा म्हणते आहे.

खाकी मात्र साळसूद. खोकं हुंगतो आणि तोंड फिरवून दारात बसतो, जणू या घरात तो पाहुणा आहे.

वाकडी शेपटी हा काही पुरावा नव्हे, असं मी ड्रायव्हरला सांगितलं. तुलाही तेच सांगतो. माझा कुत्रा नर आहे. तो संध्याकाळी एक चक्कर मारून येतो. त्याच्यामुळे माझ्या घरी कधी एक पिल्लू झालेलं नाही.

तुझा बाप

११ फेब्रुवारी

ठेंगू,

लहानपणीचं नाव लिहिलं, रागवू नकोस. 'डॉक्टरीणबाई' लिहिताना पेन अडखळतं.

खोकं कोणी ठेवलं, ते कळलं. मागच्या गल्लीत एक इस्त्रीवाली आहे, जिन्याखाली तिचं टेबल असतं. परवा ती स्वतःच दुकानात आली. हातात कपड्यांचं गाठोडं, ते काउंटरवर आपटलं आणि म्हणाली, "जगली का?"

मी म्हटलं, "कोण?"

"मी ठेवलेली. चार होती."

माझा पारा चढला. म्हटलं, "तुला लाज नाही वाटली? थंडीत, माझ्या दारात?"

"तुमच्याच दारात ठेवणार ना! बाप तुमच्याकडे राहतो." आणि तिने दारातल्या खाकीकडे बोट दाखवलं. "तीन वेळा झाली माझ्या राणीला. तिन्ही वेळेला हाच. तुमचा फिरून येतो आणि पाय पसरून झोपतो. निस्तरायचं मी. एका खोलीत आम्ही पाच जण राहतो, त्यात कुत्री आणि तिची चार-चार पोरं. मालक म्हणतो, पिल्लं काढ नाहीतर खोली सोड."

मी म्हटलं, "मग आधीच्या दोन वेळची कुठे गेली?"

ती गाठोड्याची गाठ सोडत बसली, परत बांधत बसली. मग म्हणाली, "दोन्ही खेपांना बाजाराच्या मागे ठेवली होती. लोक येतात-जातात, कुणीतरी उचलेल म्हणून. गेल्या खेपेला दुसऱ्या दिवशी बघायला गेले. जायला नको होतं. म्हणून या वेळेला ओळखीच्या दारात ठेवली. तुम्ही म्हातारे आहात, खेकसता, पण दार बंद करणार नाही असं वाटलं."

ठेंगू, ती सरळ बोलली. चिडायला मला जागाच उरली नाही. तिला पिल्लं दाखवली. तिने तिन्ही उचलून पदरात घेतली, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि परत ठेवली. जाताना म्हणाली, "राणी घरभर शोधत होती चार दिवस. कपड्यांच्या ढिगात तोंड घालून बघायची."

ते खोकं दुसऱ्या दिवशी बघायला जाणं काय असतं, मला माहीत आहे. आज एवढंच लिहितो.

अप्पा

२ मार्च

ठेंगू,

तीन आठवडे रोज बसतो आणि कागद फाडतो. आज फाडणार नाही.

तू आठ वर्षांची असताना आपल्या कुत्रीला, ठिपकीला, पहिल्यांदा पिल्लं झाली. चार. सहा आठवडे तू त्यांच्याबरोबर जमिनीवर झोपलीस. नंतर मी ती एका रविवारी सकाळी सायकलवर नेली आणि तुला सांगितलं की पुलापलीकडे एका काकांचा मोठा मळा आहे, त्यांनी चारही ठेवून घेतली. तू रडलीस आणि म्हणालीस, "काकांना सांगा, पत्र लिहायला."

म्हणून पत्रं लिहिली मी. डाव्या हाताने, म्हणजे अक्षर ओळखू येऊ नये. वह्यांच्या कापलेल्या कागदांवर. 'तुझा बंड्या आता विहिरीपर्यंत धावतो. तुझी मनी शेळ्यांवर भुंकते.' तू उत्तरं द्यायचीस आणि मी ती टाकायला घेऊन जायचो. तीन वर्षांत तीन वेळा पिल्लं झाली ठिपकीला आणि दरवेळी मळा थोडा मोठा होत गेला. मळेवाल्या काकांची एकोणीस पत्रं झाली. तू ती मला दिलीस आणि मी त्यांना कापडी पुठ्ठ्याचं बाइंडिंग करून दिलं. माझ्या हातचं सगळ्यात चांगलं बाइंडिंग ते. तुझ्या आईने मला त्या दिवशी विचारलं होतं, "हे शिवताना हात कापला नाही का तुमचा?"

मळा नव्हता. पुलापलीकडे ट्रकांचा वजनकाटा होता. त्याच्या भिंतीला टेकवून मी खोकं ठेवायचो आणि सायकलवर बसायचो. मनाला सांगायचो, ट्रकवाले दिलदार असतात, कोणीतरी नेईल. दुसऱ्या खेपेला पाच होती. दुसऱ्या दिवशी कामाला त्याच रस्त्याने जायचं होतं. खोकं तिथेच होतं. आत दोन शिल्लक होती आणि जिवंत होती. मी थांबलो, बघितलं, आणि सायकल वळवून लांबच्या रस्त्याने कामावर गेलो. उचलून परत आणली असती तर तुला काय सांगायचं, या एका विचाराने मी ती तिथेच सोडली. माझी गोष्ट खोटी पडू नये म्हणून.

तेरा होती एकूण.

आणि ठिपकी म्हातारपणाने गेली, हेही खरं नाही. तिला सारखी तहान लागायची, पोट फुगलं होतं, मागून घाण यायची. मी म्हटलं, होईल बरी. गर्भाशयात पू झाला होता. हे मला आता इथल्या जनावरांच्या डॉक्टरने सांगितलं, मी सगळं वर्णन केल्यावर. मादीचं नसबंदीचं ऑपरेशन वेळेवर केलं असतं तर हे दुखणं तिला झालंच नसतं, असं तो म्हणाला. तेव्हाही दवाखाना होता, चार गल्ल्यांवर. मी म्हणायचो, निसर्गाच्या कामात कशाला हात घाला. पिल्लं खोक्यात भरताना मात्र मला निसर्ग आठवला नाही.

तू गेलीस तो दिवस मी रोज आठवतो. तू डॉक्टर होऊन आली होतीस. खाकी तेव्हा वर्षाचा होता. तू म्हणालीस, "अप्पा, याचं ऑपरेशन करून घेऊ." दुकानात ड्रायव्हर होता, आणखी दोघे होते. मी ऐटीत म्हटलं, "आमच्या ठिपकीला तीनदा झाली, सगळी सोन्यासारख्या ठिकाणी पडली. हिच्याकडे पत्रं आहेत, विचारा!" आणि ते तिघे हसले. ते का हसले ते तुला एका क्षणात कळलं. त्यांना मी ती गोष्ट कितीदा तरी रंगवून सांगितली होती. तू एवढंच विचारलंस, "मळा कुठे आहे, अप्पा?" आणि मीही हसलो. चार माणसांत कसं नाही म्हणायचं, म्हणून हसलो. दुपारच्या गाडीने तू गेलीस.

माफ कर, असं लिहायला धजत नाही. झालं ते झालं तसं लिहिलं आहे, उजव्या हाताने.

अप्पा

२७ मार्च

ठेंगू,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण जे केलं ते कळवतो.

खाकीचं ऑपरेशन झालं. मंगळवारी सकाळी उपाशीपोटी नेला. दवाखान्यातला डॉक्टर पोरगेलासा आहे, तुझ्याच वयाचा. मी त्याला म्हटलं, "यामुळे तो खचणार तर नाही ना?" तो म्हणाला, "काका, कुत्र्याला याची लाज वाटत नाही. ती माणसांना वाटते."

मग त्याने मला बसवून समजावलं. आणखी महिनाभर खाकीला मोकळा सोडायचा नाही, कारण ऑपरेशन झालं तरी काही दिवस पिल्लं होऊ शकतात. आणि एकट्या खाकीने भागणार नाही. "तुमचा थांबला तर दुसरा येईल," म्हणाला. "एक मादी वर्षातून दोनदा माजावर येते. तिच्या पिल्लांतल्या माद्या वर्षाच्या आत स्वतः आया होतात. गल्लीतल्या माद्यांचं केल्याशिवाय खोकी थांबणार नाहीत." मी वही बांधणारा माणूस, मला पानं मोजायची सवय. मनातल्या मनात हिशोब लावायला गेलो आणि तिसऱ्या वर्षापाशी सोडून दिला.

खाकी संध्याकाळी डुलत घरी आला, भिंतीला तोंड करून झोपला. मला वाटलं, गेला बिचारा दुःखात. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला बसलो तर टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालतात तो प्लॅस्टिकचा भोंगा घेऊन माझ्या ताटात शिरला. भोंग्यात माझी अर्धी भाकरी अडकली. ड्रायव्हर रोज येऊन त्याच्याकडे करुणेने बघतो आणि खाकी रोज त्याचा बूट पळवतो.

टाके मी भिंग लावून बघितले. चांगले होते, सारख्या अंतराचे. पण शेवटची गाठ तू जास्त नीट मारशील. दोरा ओढताना तू श्वास रोखायचीस, लहानपणी माझ्याबरोबर वह्या शिवताना.

इस्त्रीवालीच्या राणीला नेताना जरा झटापट झाली. राणी तयार होती, इस्त्रीवाली नव्हती. दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "एकदा शेवटची होऊ दे तिला, मग करा. पोरं झाली नाहीत तर बाईचा जीव झुरतो." मी म्हटलं, "अगं, तीनदा झाली. झुरली कधी? तू पिल्लं उचललीस तेव्हा."  ती उठली आणि राणीला स्वतः उचलून आत घेऊन गेली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "तुम्ही फार लागेल असं बोलता." मी म्हटलं, मलाही लागलंच.

तिन्ही पिल्लांना घरं मिळाली. एक मास्तरीणबाईंनीच ठेवलं. दुसरं लाकडाच्या वखारीत गेलं, तिसरं दवाखान्यातल्या नर्सने नेलं. प्रत्येकाबरोबर मी एक छोटी वही शिवून दिली आहे. लसी कधी, जंताचं औषध कधी, आणि एका पानावर नुसतं 'ऑपरेशन' आणि महिना. त्या महिन्यात मी दारात उभा राहणार, असं सगळ्यांना बजावलं आहे. वखारवाला म्हणाला, "एवढी कटकट असेल तर नको." मी म्हटलं, "मग नको." दोन तासांनी तो परत आला.

अप्पा

१६ एप्रिल

ठेंगू,

तुझं पत्र काल आलं. हाताने लिहिलेलं. उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं.

तू बाकी काही लिहिलं नाहीस, एकच विचारलंस: त्या खोक्यातली शेवटची दोन कशी होती?

एक पांढरं होतं, पाठीवर ठिपके, ठिपकीसारखं. ते झोपलं होतं किंवा मान टाकून पडलं होतं, मी नीट बघितलं नाही. दुसरं पूर्ण काळं. त्याचं नाव तू 'मुंगी' ठेवलं होतंस. त्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. त्याला माझा वास ओळखू आला असावा. शेपूट हलवली.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुझ्या आईलाही नाही.

मळेवाल्या काकांच्या पत्रात 'तुझी मुंगी सगळ्यांत हुशार निघाली' असं मी लिहिलं होतं, तेही तुला आठवत असेल.

तू आणखी विचारशील ते सगळं सांगेन. न विचारशील तेही.

अप्पा

२० नोव्हेंबर

ठेंगू,

तू परवा संध्याकाळी गेलीस आणि अजून हातांना डेटॉलचा वास येतो आहे.

जूनमध्ये तू लिहिलंस की निवाऱ्याची गाडी घेऊन दोन दिवस येईन, जागा आणि पकडायला माणसं बघून ठेवा, तेव्हा मी ते पत्र मास्तरीणबाईंना जिन्यातच वाचून दाखवलं. त्यांनी शाळेचं आवार मिळवून दिलं. तू आमच्याकडे न राहता बाईंकडे उतरलीस, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. वरून तुझ्या पावलांचा आवाज येत होता. तेवढं पुष्कळ झालं.

दोन दिवस तू गाडीच्या आत होतीस. बाहेर काय चाललं होतं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहितो.

पहिल्या दिवशी सकाळी नऊला आवारात माणसं होती पाच आणि कुत्री दोन. इस्त्रीवाली म्हणाली, "थांबा," आणि गेली. तासाभराने परत आली ती चार बायका आणि चार माद्या घेऊन. तिने प्रत्येकीला आपल्या राणीचं पोट दाखवलं होतं, टाक्याची खूण कुठे आहे ती शोधायला लावली होती. एकीलाही ती सापडली नव्हती. वखारवाला आपलं वाकड्या शेपटीचं पिल्लू घेऊन आला, वहीतलं पान उघडून, महिना बरोबर आहे ना असं विचारत. मला दारात उभं राहायची वेळच आली नाही.

दुपारी ड्रायव्हर आला. एकटाच, हात मागे बांधून. तीन-चार जण गप्पा मारत उभे होते. तो आपला नेहमीच्या सुरात म्हणाला, "काय आजोबा, मळ्यावर पाठवायची सोय बंद झाली वाटतं आता?" आणि ते हसले.

गाडीचं दार अर्धवट उघडं होतं, ते मी बघितलं होतं. पण तुझ्यासाठी म्हणून बोललो नाही. बोललो कारण मला ते हसणं सहन होईना.

मी म्हटलं, "मळा नव्हता. तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. तेरा पिल्लं मी वजनकाट्यापाशी टाकली आणि माझ्या पोरीला फसवलं. वर तुम्हाला ते विनोद म्हणून सांगितलं. यात हसण्यासारखं काही नव्हतं. आता पुन्हा हसायचं असेल तर माझ्या दुकानात येऊ नका."

 ड्रायव्हर जमिनीकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "मी दोनदा टाकलीत." आणि निघून गेला. मला वाटलं, इतक्या वर्षांची मैत्री संपली. अर्ध्या तासाने तो परत आला, ओढणीत गुंडाळलेली त्याची लाडकी पिवळी घेऊन. ओढणी बायकोची होती आणि बायको मागून ओरडत येत होती, कुत्रीसाठी नाही, ओढणीसाठी.

त्यानंतर तू पाणी प्यायला बाहेर आलीस. माझ्या शेजारी उभी राहून अख्खा पेला संपवलास. मग म्हणालीस, "अप्पा, पुढची धरा. डोक्याशी उभे राहा, तुमचा आवाज ओळखीचा आहे तिला."

आत मी तुझे हात बघितले, ठेंगू. त्या ड्रायव्हरच्या पिवळीच्या पोटावर तू टाके घालत होतीस आणि दोरा ओढताना श्वास रोखत होतीस. मला काही बोलायचं होतं. तू म्हणालीस, "हलू नका," म्हणून नाही बोललो.

एकवीस माद्या आणि सहा नर. मास्तरीणबाईंनी फळ्यावर खडूने आकडा लिहिला आहे आणि तो कोणी पुसायचा नाही असा हुकूम काढला आहे. सगळ्यांच्या जखमा मी आणि इस्त्रीवाली सकाळ-संध्याकाळ बघून येतो. एकीचा एक टाका जरा लाल दिसतो आहे. इथल्या डॉक्टरला दाखवला, तो म्हणाला काळजी नको, तरी तुला कळवतो.

जाताना गाडीच्या खिडकीतून तू म्हणालीस, "पत्रं माझ्याकडे आहेत अजून. काकांची. फेकली नाहीत." मी विचारलं, "का?" तू म्हणालीस, "डॉक्टर व्हायचं तीच वाचून ठरवलं होतं. कारण खोटं होतं, म्हणून डॉक्टरी खोटी होत नाही." आणि गाडी निघाली.  

अप्पा

९ फेब्रुवारी

ठेंगू,

तुझं मंगळवारचं पत्र मिळालं. लाल टाका बरा झाला, हे मागच्या खेपेला लिहिलंच होतं. तुझी सर्दी कशी आहे? वाफ घे. डॉक्टरला हे मी सांगतोय, पण घे.

एक मजा सांगायची आहे. दरवर्षी या दिवसांत आपल्या गल्लीत चूंचूं असायची. गटाराच्या कडेला, पार्क केलेल्या गाड्यांखाली. आणि मग एकेक करून ती बंद व्हायची, आणि ती का बंद झाली हे कोणी विचारायचं नाही. या वर्षी एकही पिल्लू नाही. नव्या वसाहतीच्या बाजूला दोन माद्या आहेत अजून, फार चलाख, हाताला लागत नाहीत. इस्त्रीवाली त्यांना रोज खायला घालून सलगी वाढवते आहे. पण आपल्या तीन गल्ल्यांत एकही नाही. राणी, पिवळी, सगळ्या जणी उन्हात पसरलेल्या असतात, अंगावर चांगलं मांस धरलं आहे. खाकी त्यांच्यात मधोमध लोळतो आणि त्याला कोणी विचारत नाही.

परवा दुकानात एक नवरा-बायको आले, दोघंही नोकरीतून निवृत्त, चौकापलीकडच्या इमारतीत राहायला आलेले. बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे नेहमी पिल्लं असतात, असं ऐकलं. आम्हाला एक हवं होतं."

आणि मी म्हटलं, "नाही हो. नाहीत."

ठेंगू, काय सांगू तुला! मी ते दोन-तीनदा म्हटलं. "नाहीत. एकही नाही. तीन गल्ल्या फिरून बघा." त्या बाईंना वाटलं असणार, म्हातारा वेडा आहे, मालच नाही आणि एवढा खूश का होतोय. हवंय आणि नाही, असं पिल्लांच्या बाबतीत मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होतो. आजवर नेहमी उलटच.

मग त्यांना बसवलं आणि तुझ्या निवाऱ्याबद्दल सांगितलं. चाळीस कुत्री तिथे घराची वाट बघत आहेत, त्यांतली पुष्कळशी वाढलेली आहेत, शहाणी आहेत, चपला खात नाहीत. बाई म्हणाल्या, वाढलेलं चालेल, आमचंही धावपळीचं वय राहिलं नाही. त्यांच्या यजमानांनी एवढंच विचारलं की ऑपरेशन झालेलं असतं ना. मी म्हटलं, "माझी मुलगी करते."

असं मी म्हटलं खरं. तुला न विचारता.

त्यांची गाडी आहे. मागच्या सीटवर एक जागा रिकामी आहे, चला आमच्याबरोबर, असं ते म्हणाले. मी आधी नको म्हटलं. मग दुकानाच्या दारावर 'शनिवारी बंद' अशी पाटी लिहून ठेवली, तेव्हा आता यावंच लागेल.

शनिवारी अकरापर्यंत पोचू. तू ऑपरेशनमध्ये असलीस तर घाई करू नकोस. मी बाहेर बसतो.

अप्पा